मनुष्य, मरण आणि पुनरुत्थान : ख्रिस्ती विश्वास नेमके काय सांगतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका ख्रिस्ती मित्राच्या वडिलांच्या दफनविधीला आपण गेला होतात. घरी जमलेल्यांपैकी अनेकांनी ‘ते आता प्रभूजवळ आहेत’ असे म्हणून कुटुंबाचे सांत्वन केले आणि पुढे कबरीपाशी पाळकांनी ‘शेवटल्या दिवशी प्रभू त्यांना उठवील’ असे सांगितले. मनुष्य मेल्याबरोबर प्रभूजवळ जात असेल तर त्याला पुन्हा उठवायचे कशासाठी, असे आपल्याला वाटले. याच्या जोडीने आपण आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत : ख्रिस्ती लोक मनुष्याला जन्मतःच पापी समजतात हे खरे का, आणि पुनर्जन्म ते का मानत नाहीत. मी बरीच वर्षे मंडळीचा (चर्चचा) पाळक म्हणून सेवा केली आहे आणि धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवला आहे. माझी परंपरा प्रॉटेस्टंट आहे. परंतु कॅथलिक आणि ऑर्थडॉक्स मंडळ्यांची शिकवण जिथे वेगळी आहे, तिथे ती त्यांच्याच बाजूने समजावून घेऊन मांडतो.

आधी सरळ उत्तर देतो. आपण ऐकलेली दोन्ही विधाने ख्रिस्ती विश्वासाला धरून आहेत, मात्र दोन्हींचे वजन सारखे नाही. प्रेषितांचा म्हणून ओळखला जाणारा विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेल्या शब्दांतली कबुली, आमच्या उपासनेत सर्वजण उभे राहून म्हणतात. त्याच्या शेवटी ‘शरीराचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन’ यांवरचा विश्वास बोलून दाखवला जातो. आत्मा स्वर्गात जातो असे वाक्य त्यात नाही. ३८१ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेत ज्याला आजचे रूप मिळाले, त्या नायसियाच्या विश्वासांगीकारातही मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहत असल्याचे म्हटले आहे. म्हणजे पाळकांनी कबरीपाशी जे सांगितले तो मूळ विश्वास आहे, आणि घरी लोक जे म्हणत होते ते त्या विश्वासाच्या आधाराने उभे आहे. हा क्रम सामान्य ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात बहुतेक वेळा उलटा झालेला असतो, आणि आपला गोंधळ त्यातूनच झाला आहे. तो क्रम असा का, हे समजण्यासाठी मरणापासून नव्हे, तर निर्मितीपासून सुरुवात करावी लागते.

बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, दुसऱ्या अध्यायात देव जमिनीतल्या मातीपासून मनुष्य घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो आणि तेव्हा मनुष्य जिवंत प्राणी होतो. या वर्णनात आधीपासून कुठेतरी असलेला आत्मा खाली येऊन देहात शिरत नाही. माती आणि श्वास एकत्र आल्यावर जो उभा राहतो, तोच मनुष्य. त्याचा देह हा त्याच्या मालकीचा ऐवज नसून तो स्वतःच आहे. पहिल्या अध्यायात याच मनुष्याला, स्त्री आणि पुरुष दोघांना, देवाचे प्रतिरूप म्हटले आहे. त्या काळच्या मिसर आणि मेसोपोटेमियात राजाला देवाची प्रतिमा म्हणत असत. इस्राएलाच्या शास्त्राने तो मान राजाकडून घेऊन प्रत्येक माणसाला दिला, आणि मला वाटते की ख्रिस्ती मानवविचाराचे सर्वांत मोठे वाक्य तेच आहे. आठव्या स्तोत्रात कवी चंद्र आणि तारे पाहून ‘मनुष्य तो काय’ असे विचारतो आणि लगेच, देवाने त्याला गौरवाचा व थोरवीचा मुकुट घातला आहे, असेही म्हणतो. विशेष म्हणजे आदाम-हव्वेच्या पतनानंतरही, म्हणजे त्या पहिल्या माणसांनी देवाची आज्ञा मोडल्यानंतरही, हे प्रतिरूप नाहीसे झालेले नाही. जलप्रलयानंतर देव मनुष्यहत्येची मनाई करतो, तेव्हा तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे हेच कारण देतो. आणि याकोबाच्या पत्रात, देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसांना त्याच जिभेने शाप देणे कसे अनुचित आहे ते सांगितले आहे.

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, असे मी नेहमी सांगतो. आत्मा म्हटले की गीतेचा दुसरा अध्याय आपल्या कानात असतो : तो अज आहे, नित्य आहे, जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसा तो देह बदलतो. ख्रिस्ती विचारातला जीव अज नाही. तो देवाने निर्माण केलेला आहे, त्याला आरंभ आहे, आणि तो टिकतो तो स्वतःच्या स्वभावसिद्ध अविनाशित्वाने नव्हे, तर देव त्याला धरून ठेवतो म्हणून. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा थोर विद्वान ओरिजेन याने जीव देहाआधीच अस्तित्वात होते असा तर्क मांडला होता. मंडळीने सहाव्या शतकात ते मत धिक्कारले, आणि एका देहातून दुसऱ्या देहात संक्रमण होते ही कल्पना तर स्वतः ओरिजेननेही मत्तयाच्या शुभवर्तमानावरील आपल्या भाष्यात नाकारली होती. जीव प्रत्येक गर्भासाठी देव नव्याने निर्माण करतो की आईबापांकडून देहाबरोबर तोही येतो, यावर जुन्या आचार्यांत बराच खल झाला. कॅथलिक शिकवणीने पहिली बाजू घेतली, प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याच्या परंपरेतील अनेकांनी दुसरी.

आता जन्मजात पापाविषयी. ख्रिस्ती विश्वासात मनुष्य पापी आहे असे म्हटले जाते हे खरे आहे. पण मनुष्याची व्याख्याच पापी अशी केली जाते असे कोणी समजत असेल तर ते चूक आहे. प्रतिरूप आधी आहे आणि पाप नंतर आले आहे. जे नंतर आले ते स्वभावाचा मूळ भाग नव्हे. म्हणूनच ते काढून टाकता येते आणि माणूस माणूसच राहतो. पापाचा हा पसारा किती खोल आहे याविषयी मात्र मंडळ्यांत खरे मतभेद आहेत. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या संन्यस्त वृत्तीच्या उपदेशकाने शिकवले की आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, एवढेच. प्रत्येक माणूस आदामासारखाच निर्दोष जन्मतो आणि निर्धार केला तर तो देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने त्याला जोरदार विरोध केला. मनुष्याची इच्छाशक्तीच वाकलेली आहे, ती चांगले काय ते जाणूनही स्वतःकडेच वळते, आणि देवाच्या कृपेने आधी हात दिल्यावाचून ती सरळ होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ऑगस्टीनच्या बाजूने निर्णय दिला आणि पश्चिमेकडील सगळ्या मंडळ्या, कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, तिथपासून ऑगस्टीनच्या छायेत वाढल्या.

पूर्वेकडील ऑर्थडॉक्स मंडळ्या त्या छायेत नव्हत्या. त्यांच्या शिकवणीत आदामापासून आपल्याकडे मरण आणि दुबळेपण आले आहे, त्याचा अपराध आलेला नाही. दुसऱ्याने केलेल्या अपराधाची जबाबदारी नवजात बालकावर येत नाही. मी प्रॉटेस्टंट असूनही या मुद्द्यावर पूर्वेकडचे आचार्य मला अधिक पटतात, कारण बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा भर मरणाच्या राज्यावर आणि ते मोडणाऱ्या ख्रिस्तावर आहे. ऑगस्टीनला स्वतःच्या सिद्धांतापायी असे म्हणावे लागले की बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) न झालेली तान्ही बालके, अगदी सौम्य का होईना, पण दंडास पात्र ठरतात. मध्ययुगात त्यावर तोड म्हणून अशा बालकांसाठी स्वर्ग आणि नरक यांच्याबाहेरची, दुःख नसलेली एक जागा कल्पिली गेली. ती अधिकृत श्रद्धातत्त्व कधीच नव्हती, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास गंभीर आधार आहे असे प्रसिद्ध केले. ज्यांचे मूल जन्मतःच दगावले आहे अशा आईबापांशी बोलण्याची वेळ पाळकावर येते, तेव्हा हा वाद पुस्तकातला राहत नाही.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळ्या कॅथलिक मंडळीपासून वेगळ्या झाल्या तेव्हा, हाच प्रश्न पुन्हा पेटला. मार्टिन ल्यूथरने मनुष्याची इच्छा पापाच्या बंधनात आहे असे ठामपणे मांडले. दुसरा सुधारक जॉन कॅल्व्हिन याच्या अनुयायांनी संपूर्ण भ्रष्टतेची भाषा वापरली. तिचा अर्थ माणूस जितका वाईट होऊ शकेल तितका झाला आहे असा अनेकजण लावतात, पण तसा तो नाही. बुद्धी, भावना, इच्छा, देह यांपैकी कोणताही कप्पा पापाच्या स्पर्शावाचून राहिलेला नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४६ साली सांगितले की बाप्तिस्म्याने मूळ पाप खरोखर धुतले जाते आणि मागे उरणारी पापाकडची ओढ हे स्वतः पाप नव्हे. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने असे शिकवले की माणूस देवाकडे वळण्याआधीच देवाची कृपा प्रत्येकाच्या ठायी काम करू लागलेली असते, आणि म्हणून त्याने दिलेला होकार त्याचा स्वतःचा असतो. मेथडिस्ट मंडळ्या आजही हेच मानतात.

मला इथे एक आग्रहाने सांगायचे आहे. ज्या घरांत आणि ज्या व्यासपीठांवरून माणसाला फक्त ‘तू पापी आहेस’ एवढेच ऐकवले जाते, तिथे ख्रिस्ती शिकवण अर्धीच दिली जाते, आणि अर्धी दिल्याने ती घातक होते. समुपदेशनासाठी येणाऱ्यांमध्ये स्वतःला तुच्छ मानणे म्हणजेच नम्रता, अशी पक्की समजूत झालेली माणसे मला वारंवार भेटली आहेत. त्यांच्याबरोबर मी आधी उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचतो, पतनाची गोष्ट सांगणारा तिसरा नंतर.

मनुष्य म्हणजे माती आणि श्वास यांचा मिळून झालेला एक जीव, हे एकदा नीट धरले की मरणाविषयीची ख्रिस्ती वृत्तीही समजते. मरण ही देहाच्या तुरुंगातून झालेली सुटका नव्हे. जे देवाने जोडले ते तुटणे म्हणजे मरण. पौल त्याला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. योहानाच्या अकराव्या अध्यायात हे फार जवळून पाहायला मिळते. बेथानीतील लाजर मरून चार दिवस झाले आहेत. त्याची बहीण मार्था येशूला भेटायला गावाबाहेर येते आणि, तो शेवटल्या दिवशी पुनरुत्थानाच्या वेळी उठेल हे मला ठाऊक आहे, असे म्हणते. म्हणजे ती विश्वासात कमी नाही. येशू तिला सांगतो की पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. एवढे सांगितल्यावर, आणि आपण थोड्याच वेळात लाजराला उठवणार आहोत हे माहीत असतानाही, कबरीकडे जाताना तो रडतो. दुर्गंधी येत असेल म्हणून मार्था धोंडा हलवण्यास कचरते, तेही योहानाने लिहून ठेवले आहे. मरणाला गोड नावे देण्याची घाई या वृत्तांतात कोणीच करत नाही. दफनविधीत मी हा उतारा वाचतो तेव्हा ‘ख्रिस्ती माणसाने रडू नये’ असे बजावणाऱ्या नातेवाइकांकडे पाहूनच वाचतो. पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला, ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका, असे लिहिले. शोकच करू नका असे लिहिले नाही.

लाजराची गोष्ट मात्र पुनरुत्थानाची नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तो जुन्याच आयुष्यात परत आला आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेला. ख्रिस्ती माणूस ज्याची वाट पाहतो ते येशूच्या बाबतीत घडलेले आहे, आणि त्याचे वर्णन शुभवर्तमानांत मुद्दाम दोन्ही बाजूंनी केले आहे. उठलेला येशू बंद दारांच्या खोलीत शिष्यांमध्ये उभा राहतो, अम्माऊसच्या वाटेवर बरोबर चालणाऱ्यांनाही बराच वेळ ओळखू येत नाही. पण तो भूत नाही. तो भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो आणि हातांवरचे खिळ्यांचे व्रण थोमाला दाखवतो. तेच शरीर, पण मरण ज्याला पुन्हा शिवू शकत नाही असे. सुमारे ५५ साली करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल यालाच पहिले फळ म्हणतो आणि बीजाचा दृष्टांत देतो : पेरला जातो तो नुसता दाणा आणि उगवते ते रोप, पण गव्हाच्या दाण्यातून गहूच येतो. तिथला ‘आध्यात्मिक शरीर’ हा शब्दप्रयोग वाचून अनेकांना धुरासारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते. पौलाला म्हणायचे आहे ते, देवाच्या आत्म्याच्या सामर्थ्याने जगणारे शरीर.

ही आशा इस्राएलातही एकदम आली नाही. जुन्या करारातील बऱ्याच भागांत मेलेले सगळे, भले आणि बुरे, अधोलोकाच्या सावलीत जातात आणि तिथे देवाची स्तुतीही होत नाही, अशी तक्रार स्तोत्रकर्ते करतात. उठण्याविषयीचे स्पष्ट वचन दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येते, आणि मक्काबी काळात (ख्रि.पू. दुसरे शतक) यहुद्यांच्या झालेल्या छळात, आपल्या नियमशास्त्रासाठी प्राण देणाऱ्यांच्या देहाची देव भरपाई करील, हा विश्वास पक्का झाला. येशूच्या काळच्या यहुदी पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत होते, सदूकी मानत नव्हते. सदूक्यांनी सात भावांशी एकामागून एक लग्न करावे लागलेल्या विधवेचा पेच घातला, तेव्हा येशूने त्यांना उत्तर दिले की देव स्वतःला अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचा देव म्हणवतो, आणि तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. माझ्या मते मरणोत्तर जीवनाच्या ख्रिस्ती शिकवणीचा सगळा भार या उत्तरावर आहे. माणसात अमर असे काहीतरी आहे म्हणून तो टिकतो, असा युक्तिवाद येशू करत नाही; देव ज्यांच्याशी नाते जोडतो त्यांना मरणाच्या स्वाधीन करून सोडून देत नाही, असे त्याचे म्हणणे आहे.

आता आपला मूळ पेच. मरण आणि शेवटला दिवस यांच्यामध्ये माणूस कुठे असतो? शास्त्रात दोन प्रकारची वचने आहेत. वधस्तंभावर शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराला येशू सांगतो, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’. पौलही, येथून सुटून ख्रिस्ताजवळ असणे कितीतरी चांगले, असे फिलिप्पैकरांस लिहितो. दुसरीकडे तोच पौल मेलेल्यांना झोपी गेलेले म्हणतो. मराठी ख्रिस्ती घरांत ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ ही भाषा त्यातूनच आली आहे. या दोहोंचा मेळ घालताना चौदाव्या शतकात मोठे वादळ उठले होते. पोप बाविसावे जॉन यांनी १३३१ पासून आव्हिन्याँ येथे दिलेल्या काही प्रवचनांत, संतांचे आत्मेसुद्धा शेवटल्या न्यायापर्यंत देवाला समोरासमोर पाहत नाहीत, असे म्हटले. धर्मपंडितांनी कडाडून विरोध केला आणि १३३४ साली मृत्युशय्येवर पोपनी ते मत मागे घेतले. त्यांच्यामागून आलेल्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी १३३६ साली निर्णय जाहीर केला की ज्यांना शुद्धीची गरज उरलेली नाही असे आत्मे पुनरुत्थानाच्या आधीच देवाचे दर्शन घेतात. कॅथलिक मंडळीची ती आजही शिकवण आहे. तरीही पुनरुत्थान अनावश्यक ठरले नाही, आणि त्याचे कारण मध्ययुगातील थोर धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने त्याच्या आधीच्याच शतकात सांगून ठेवले होते. करिंथकरांच्या पत्रावरील भाष्यात तो लिहितो की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, आणि फक्त आत्म्याचे तारण झाले तर माझे तारण झाले असे होत नाही. आपल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मला सापडलेले नाही. मित्राचे वडील प्रभूजवळ सुरक्षित आहेत. पण अजून ते पूर्ण नाहीत, आणि देव त्यांना अपुरे ठेवणार नाही.

शुद्धीची गरज हा शब्द मी वर वापरला. कॅथलिक शिकवणीप्रमाणे, देवाच्या कृपेत मेलेल्या पण अजून पूर्ण शुद्ध न झालेल्या माणसाची मरणानंतर शुद्धी होते, आणि जिवंतांच्या प्रार्थनांचा व मिस्साचा (ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेचा) तिला उपयोग होतो. २ नोव्हेंबरला वसईत आणि मुंबईत कबरी स्वच्छ करून, फुले वाहून, मेणबत्त्या लावल्या जातात, त्यामागे हाच विश्वास आहे. ती शुद्धी म्हणजे नरकाची लहान आवृत्ती नव्हे. तिथे पोहोचलेल्याचे तारण निश्चित झालेले असते. ल्यूथरने १५१७ साली ज्यावर घाव घातला तो पैसे घेऊन शिक्षामाफी देण्याचा व्यवहार होता; पुढे प्रॉटेस्टंटांनी शुद्धिस्थानाची शिकवणच सोडली, कारण ख्रिस्ताचे कार्य पुरेसे आहे आणि शास्त्रात या शिकवणीला पक्का आधार नाही असे त्यांना दिसले. ऑर्थडॉक्स मंडळ्या मेलेल्यांसाठी मनापासून प्रार्थना करतात, पण शुद्धिस्थानाची व्याख्या करत नाहीत. प्रॉटेस्टंटांतही एकमत नाही. ल्यूथर मरणाला पुष्कळदा गाढ झोप म्हणतो, तर कॅल्व्हिनने १५३४ साली लिहिलेला आपला पहिला धर्मशास्त्रीय ग्रंथ आत्मा झोपत नाही हे दाखवण्यासाठीच लिहिला. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी, जिचे पुण्यातील स्पायसर विद्यापीठ अनेकांना माहीत असेल, असे मानते की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत पूर्ण नेणिवेत असतो आणि अमरत्व ही तेव्हा मिळणारी देणगी आहे. मी स्वतः ख्रिस्ताच्या ‘आज’ या शब्दावर विसंबतो, पण ॲडव्हेंटिस्ट बांधव पुनरुत्थानाला जो मान देतात तो इतरांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखा आहे.

न्याय होणार, यावर सर्व मंडळ्यांचे एकमत आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा भुकेल्यांना, परक्यांना, आजाऱ्यांना आणि बंदिवानांना कसे वागवले ते विचारतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात, कारण ती सेवा किंवा तो अव्हेर त्याचाच होता हे कोणालाच कळलेले नसते. नरकाविषयी बहुसंख्य परंपरा तो अनंत आहे असे सांगते. चौथ्या शतकातील निसाचा ग्रेगरी याने अखेरीस देव सर्वांनाच परत मिळवील अशी आशा धरली होती. आणि अलीकडच्या काळात, १९८८ साली, जॉन स्टॉट या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा अधिकार व व्यक्तिगत विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट गोटातील, पाळकाने दुष्टांचा शेवट अनंत यातनेत नव्हे तर नाशात होतो ही शक्यता मांडून आपल्याच गोटात खळबळ उडवली. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्याविषयीही एकच उत्तर नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६४ साली म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाला शोधतात आणि सद्सद्विवेकाच्या आवाजाप्रमाणे वागतात, त्यांचेही तारण होऊ शकते. अनेक इव्हँजेलिकल मंडळ्या ख्रिस्तावरील जाणीवपूर्वक विश्वास आवश्यक मानतात. आपण हिंदू आहात आणि हा प्रश्न आपल्या मनात असणार, म्हणून स्पष्ट सांगतो : कोणत्याही मृत व्यक्तीबद्दल ती कुठे आहे याचा निवाडा मी कधी दिलेला नाही, आणि तो देण्याचा अधिकार कोणत्याही पाळकाला आहे असे मी मानत नाही. कॅथलिक मंडळीने अनेकांना संत घोषित केले, पण अमुक माणूस नरकात आहे असे आजवर एकदाही जाहीर केलेले नाही.

पुनर्जन्माविषयी आता फार लिहावे लागू नये. देह टाकून दुसरा घेणारा कोणी मनुष्याच्या आत नसेल, तर पुन्हा जन्मणार कोण, हा ख्रिस्ती विचारातला पहिला प्रश्न आहे. इब्री लोकांस पत्रात माणसाला एकदाच मरणे आणि मग न्याय नेमून दिला आहे असे म्हटले आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. दुःखाचा हिशेब मागच्या खात्यात शोधण्याची वाट त्याने तिथे बंद केली. तरीही कर्माच्या फळाची जाणीव ख्रिस्ती विचारात नाही, असे मात्र कृपा करून समजू नये. माणूस जे पेरतो तेच कापतो, हे गलतीकरांस पत्रातलेच वाक्य आहे. खरा फरक असा की वधस्तंभावरच्या त्या गुन्हेगाराला फेडायला ना दुसरे आयुष्य मिळाले, ना वेळ. त्याने फक्त ‘माझी आठवण ठेव’ एवढे म्हटले, आणि ते पुरले. याला आम्ही कृपा म्हणतो.

आपण जाता जाता, दहन का करत नाहीत, असेही विचारले होते. १७७ साली आजच्या फ्रान्समधील लियाँ येथे ख्रिस्ती लोकांना ठार मारल्यावर त्यांचे देह जाळून राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली, ती याच हेतूने की त्यांना उठण्याची आशाच राहू नये. मंडळीने तो वृत्तांत जपून ठेवला. राखेतून उठवणे देवाला अवघड आहे असे तिला वाटले नाही. दफन हा येशूच्या कबरीशी जोडलेला प्रघात आहे, पुनरुत्थानाची अट नव्हे. कॅथलिक मंडळीने १९६३ साली दहनाला परवानगी दिली. मात्र २०१६ च्या सूचनेत राख विखुरू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी असे सांगितले, कारण ती एका माणसाची आहे. ऑर्थडॉक्स मंडळ्या दफनावरच ठाम आहेत. प्रॉटेस्टंटांत बहुतेक ठिकाणी हा निर्णय कुटुंबाचा असतो. मुंबईसारख्या शहरात जागेअभावी कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडून वापरल्या जातात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवल्या जातात. त्यानेही कोणाच्या आशेत उणेपणा येत नाही. आपण पाहिले असेल की शवपेटी खाली उतरवल्यावर पाळकांनी ‘मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ’ असे म्हटले आणि एकेकाने मूठभर माती आत टाकली. ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील’ या उत्पत्तीतल्या वचनावर ते शब्द आधारलेले आहेत. आणि तेच वाक्य पुढे सार्वकालिक जीवनासाठी होणाऱ्या पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेकडे जाते. माती टाकण्याच्या गडबडीत, रडण्याच्या आवाजात तो उत्तरार्ध पुष्कळदा कोणाच्या कानी पडत नाही, म्हणून मी तो दोनदा म्हणतो.

त्या आशेचा शेवट कसा रंगवला आहे तेही पाहा. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत. पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते, देव माणसांमध्ये वस्ती करतो आणि त्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तर सगळी सृष्टीच प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत सुटकेची वाट पाहत आहे. नव्या पृथ्वीवर राहायचे तर शरीर हवेच. आपण विचारलेल्या ‘पुन्हा उठवण्याचे कारण काय’ या प्रश्नाचे उरलेले उत्तर हे आहे.

मित्राच्या घरी पुन्हा जाल तेव्हा त्याच्याशी यावर बोलण्यास संकोच करू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय बाराव्या ओवीपासून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर बसून एकदा सलग वाचा. वाद घालण्यासाठी तो उतारा नाही, आणि आपला विश्वास निराळा आहे म्हणून तो आपल्याला परका वाटेल असेही मला वाटत नाही. शंका आली तर त्याच्या मंडळीच्या पाळकांना विचारा; शोकाच्या घरी आलेल्या प्रश्नांना उत्तर देणे हे आमच्या सेवेतले पहिल्या दर्जाचे काम आहे.